राखाडी फीत, पिवळी किनार

पहिल्या भेटीत तो माझ्याशी बोललाच नाही. बोलला तो आमच्या दुकानातल्या पुतळ्याशी.

त्यात त्याचा फारसा दोष नव्हता म्हणा. बाहेर सकाळपासून भुरभुर पाऊस चालला होता, आणि आत आई वाफेच्या इस्त्रीनं मखमली फितींच्या सुरकुत्या काढत बसली होती. दुकानाचं नुसतं न्हाणीघर झालं होतं. दार ढकलून तो आत आला मात्र, त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा दुधाळ झाल्या. दाराशीच आमचा लाकडी पुतळा उभा असतो, गळ्यात रंगीबेरंगी फिती आणि डोक्यावर लेस घेऊन. तो त्याच्यासमोर अदबीनं उभा राहिला.

“माफ करा, मला थोडी फीत हवी होती,” तो म्हणाला. पुतळा गप्प. “जुनी आहे... सहज मिळणार नाही, याची कल्पना आहे मला.” तरी पुतळा गप्प. “पण तुम्ही नुसती एकदा बघितलीत तरी...”

मी हसू दाबून ऐकत होते. आणखीही ऐकलं असतं, पण आईनं माझ्याकडे बघून डोळे वटारले.

“त्या बाई गिऱ्हाइकांशी बोलत नाहीत,” मी काउंटरमागून म्हटलं. “इकडे या.”

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि आधी पुतळ्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. मला त्याचं सगळ्यात आधी काय आवडलं असेल, तर ते कान. हे मी त्याला सांगितलं, पण फार नंतर.

तो आमच्याच रस्त्यावरचा नवा चष्मेवाला निघाला. कोपऱ्यावर ज्या दुकानावर दाराएवढा लाकडी चष्मा टांगलाय ना, ते त्याचं. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे, नंबर काढायचे, भिंगं घासायची हा त्याचा धंदा. “म्हणजे लोकांना नीट दिसावं याची जबाबदारी तुमच्यावर आहे तर,” मी म्हटलं. तो म्हणाला, हो, आणि मी किती भरवशाचा आहे ते तुम्ही आत्ता पाहिलंतच.

मग त्यानं खिशातून एक डबी काढली. तिच्यात कापसावर एक पदक होतं. पितळेचं, कोटाच्या मोठ्या बटणाएवढं, कडेनं थोडं ठेचलेलं. वरच्या कडीत फितीच्या नावाला चार-दोन धागे उरले होते. त्यांचा रंग मातकट झालेला. पदकाच्या एका बाजूला काहीतरी लांब, वेटोळं घातलेलं चित्र होतं. दुसऱ्या बाजूला तीन शब्द : ‘आम्ही ऐकत होतो’.

कोण ऐकत होतं, काय ऐकत होतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. भंगारवाल्याकडे खिळ्यांच्या खोक्यात ते त्याला सापडलं होतं. तो अशी पदकं जमवायचा. सरकारनं दिलेली नव्हेत. लढाई संपल्यावर लोकांनी आपलं आपणच करून घेतलेली, कुठल्याही कागदावर नोंद नसलेली. मोठे संग्राहक अशा पदकांकडे बघून नाक मुरडतात, असं तो म्हणाला. त्याला मात्र हीच आवडायची.

“सरकारी पदक वरून येतं,” तो म्हणाला. “हे एकमेकांना दिलेलं असतं. सोबत असलेल्यांनी, सोबत असलेल्यांना.”

हे तो फार साधेपणानं बोलला, आणि मी उगाचच फितींचे खण उघडझाक करू लागले.

आम्ही दोघं त्या वेटोळ्यावर डोकं चालवत बसलो. त्याच्या मते तो साप होता. मी म्हटलं, साप कसला, शेपटी बघा केवढी बारीक, उंदीर आहे. तो म्हणाला, उंदराला पदकावर कोण बसवेल? मी म्हटलं, सापाला तरी कोण बसवतं? आमचं हे असं रंगात आलेलं असताना मागच्या खोलीच्या पडद्याआडून आवाज आला.

“प्लग आहे तो. टेलिफोनचा, वायरीसकट.”

पडदा बाजूला सारून माझी आजी बाहेर आली. तिला डाव्या कानानं जवळजवळ ऐकूच येत नाही, पण नको ते बरोबर ऐकू येतं. तिनं हात पुढे केला. त्यानं पदक तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, कडीवरून अंगठा फिरवला.

“हे ठेंगूचं, आमच्यातल्या सगळ्यात बुटकीचं,” मग ती म्हणाली. “कडी मोडली, तेव्हा तिनं डाग देऊन परत जोडून घेतली होती. इथं फुगीर लागतंय बघ. भंगारात आलं, म्हणजे गेली ठेंगू.”

आईनं इस्त्री बाजूला ठेवली. मी आजीसाठी स्टूल पुढे ओढलं. आणि जिच्याशी मी जन्मापासून एका घरात राहत होते, तिनं त्या दिवशी एका परक्या चष्मेवाल्यासमोर पहिल्यांदा सांगितलं, की लढाईत शहराला वेढा पडला तेव्हा ती टेलिफोन एक्स्चेंजवर होती. मला एवढंच माहीत होतं, की आजी लग्नाआधी कुठंतरी नोकरी करत होती. कुठं, ते विचारायचं कधी सुचलंच नाही.

ती आणि तिच्याबरोबरीच्या मुली. सगळ्या माझ्याच वयाच्या, काही त्याहून लहान. बाँब पडायला लागले तशी फोन जोडायची बोर्डं तळघरात हलवली. तिथंच खायचं, तिथंच झोपायचं, एकीनं उठायचं तेव्हा दुसरीनं तिची खुर्ची धरायची. बाहेरच्या चौक्यांवरून फोन यायचे ते यांनी मुख्यालयाला जोडून द्यायचे. “आम्ही काही लढलो नाही,” आजी म्हणाली. “नुसत्या बसून होतो.” लढाई संपली, सैनिकांना पदकं मिळाली. यांना महिन्याचा पगार मिळाला आणि सुट्टी. मग ठेंगू म्हणाली, आपण आपलं करून घेऊ. एक्स्चेंजच्या फुटलेल्या बोर्डांचं पितळ निघालं होतं, ते एका बटणं करणाऱ्याकडे नेऊन दिलं. त्यानं ठसा कोरून ती पदकं ठोकून दिली.

“आणि फीत?” चष्मेवाल्यानं विचारलं.

“राखाडी. कडेला पिवळी किनार,” आजी म्हणाली. “त्या वेळी दुकानात तेवढीच शिल्लक होती. ती आणायला मला पाठवलं होतं सगळ्यांनी.” मग तिच्या सुरकुत्यांमधून एक वेगळंच हसू फुटलं. “या दुकानात. काउंटरवर हिचे आजोबा उभे होते. फीत घ्यायला आले ती गेलेच नाही परत.”

आई खोकली. मी खणात डोकं घातलं. चष्मेवाला मात्र शांतपणे म्हणाला, “म्हणजे इथली फीत घेताना जपायला हवं.”

ती फीत आमच्याकडे आता नव्हती. तशीच विणून घ्यायला दोन आठवडे लागतील, असं मी सांगितलं. खरं तर आठवड्यात झाली असती. पण विणकऱ्याला घाई करायची नाही, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं होतं.

त्यानंतर तो येत राहिला. दुकान मिटलं, की हातात एखादा तंबाखूचा पत्र्याचा डबा घेऊन हजर. प्रत्येक डब्यात एकेक पदक. एकावर पाव होता. सैन्याच्या भट्टीवरच्या लोकांनी स्वतःसाठी केलेलं ते. एक होतं बुडालेल्या जहाजाचं, वाचलेल्यांनी त्याच जहाजाच्या खिळ्यांतून घडवलेलं. एकावर खेचराचं तोंड होतं. डोंगरावर दारूगोळा चढवणाऱ्यांनी ते आपल्या खेचरासाठी केलं, आणि खेचर मेल्यावर तशीच आणखी करून आपापसांत वाटून घेतली. ज्यांची ही पदकं होती त्यांपैकी कितीतरी म्हातारे त्याच्याकडे चष्म्यासाठी आले होते. नंबर काढता काढता तो त्यांना बोलतं करायचा. अंधाऱ्या खोलीत, एका डोळ्यावर पट्टी धरून बसलेला माणूस काय काय सांगतो, ते ऐकण्यासारखं असतं, असं तो म्हणायचा.

तो आणि आजी मागच्या खोलीत बसत. मी त्या पदकांना फिती शिवत असे. माझ्या सुदैवानं त्याच्या बहुतेक पदकांच्या फिती कुजलेल्या होत्या. टाके घालताना मला त्याची नजर जाणवायची. मान वर केली, की तो घाईघाईनं आजीला काहीतरी विचारायचा. एकदा त्यानं तोच प्रश्न लागोपाठ दुसऱ्यांदा विचारला. आजीनंही तेच उत्तर शब्दन् शब्द परत दिलं, आणि वर म्हणाली, “आता तिसऱ्यांदा विचारणार असशील तर मी जरा पडते.”

तो गेला, की आजी मला छळायची. मी केस नीट बांधलेले दिसले की म्हणायची, “तू कशाला नटतेस उगाच? तो माझ्यासाठी येतो.”

ती गंमत करायची, पण मला ते कुठंतरी लागायचं. कारण मला खरंच कळत नव्हतं. तो तिच्याकडे बघून जसा खुलायचा, तसा माझ्याशी बोलताना खुलत नसे. माझ्याशी बोलताना अडखळायचा, वाक्यं अर्धी सोडायचा... मी मनाला विचारायची, हा कुणासाठी येतो? माझ्यासाठी, की तिच्या आठवणींसाठी? फीत विणून आली तरी येईल का?

फीत आली. आणि तरी तो आला. मला किती बरं वाटलं, ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. निदान तसा प्रयत्न केला.

त्याच सुमारास माजी सैनिकांच्या मंडळाचा मेळावा जवळ आला. दर वर्षी नगरवाचनालयाच्या सभागृहात तो भरायचा. या वर्षी चष्मेवाल्याला आपला संग्रह मांडायला बोलावलं होतं. तो नुसता हरखून गेला होता. आजीला तो म्हणाला, तुम्ही यायचं, पहिल्या रांगेत सैनिकांच्या बरोबरीनं बसायचं, मी मंडळाशी बोलतो. आजीनं आधी हात झटकले. मग रात्री तिनं स्वतःच बटणांची बरणी उपडी करून आपलं पदक शोधून काढलं आणि सकाळी माझ्यासमोर ठेवलं. मी त्याला नवी फीत शिवली. इतके बारीक टाके मी त्याआधी कधी घातले नव्हते.

दोन दिवसांनी तो आला तोच पडलेल्या चेहऱ्यानं. दुकानात मी एकटी होते. मंडळाचे अध्यक्ष होते एक निवृत्त कप्तान. सगळे त्यांना कप्तानसाहेबच म्हणायचे. ते त्याचंही गिऱ्हाईक होते, शिस्तीचे आणि शब्दाचे पक्के. त्यांनी सांगितलं होतं, की पुढच्या रांगा सैनिकांच्या. टेलिफोनवरच्या बाईंना पाहुण्यांत मागे बसता येईल. आणि खासगी पदकं काचेच्या पेटीत चालतील, अंगावर नाही. मागे कधीतरी एक भामटा बाजारातली पदकं लावून मंडळात शिरला होता, आणि बरीच वर्षं सगळ्यांना फसवत होता. तेव्हापासून हा नियम.

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, “मी... बरं म्हणालो.”

माझ्या हातात कात्री होती. ती मी खाली ठेवली, कारण आवाज चढणार हे मला कळत होतं.

“म्हणजे तिचं पदक काचेत पुढे, आणि ती मागे,” मी म्हटलं. “तुम्हाला पदक मिळालं की झालं. माणूस कुठं का बसेना.”

“तसं नाहीये...”

“तसंच आहे. ती रोज संध्याकाळी तुमची वाट बघते. आणि एकटी तीच बघते असं नाही.”

हे शेवटचं मला बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. त्यानं मान वर केली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात झालर घ्यायला दोन बायका आत आल्या, आणि मी मुद्दामच त्यांच्याकडे वळले. त्या गेल्या तेव्हा तोही गेला होता.

मग तो आलाच नाही. दुकान मिटायच्या वेळी मी दाराशी उगाच रेंगाळायची. कोपऱ्यावरचा लाकडी चष्मा वाऱ्यानं हलायचा, आतला दिवा विझायचा, पण या दिशेनं कुणी यायचं नाही. आजीनं एकदाच विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. ती उठून तिच्या खोलीत गेली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी तो आला. सरळ आजीपुढे जाऊन उभा राहिला. त्यानं कप्तानसाहेबांना परत जाऊन सांगितलं होतं, की बाई पुढे बसणार नसतील तर माझ्या पेट्याही येणार नाहीत. ते म्हणाले, जशी तुमची मर्जी. तेव्हा पेट्या येणार नव्हत्या. ‘बरं’ म्हणालो ते चुकलं, असं तो म्हणाला. बोलत होता आजीशी, पण शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून म्हणाला.

मला वाटलं, आजी विरघळेल. ती उलट भडकली.

तुला कुणी सांगितलं होतं हे, असं तिनं विचारलं. त्या पाववाल्यांनी, त्या जहाजावरच्यांनी काय तुझं वाकडं केलं? त्यांचं कुणी बघू नये म्हणून तू त्यांना डब्यात कोंडणार, आणि नाव माझं होणार? “उद्या पेट्या घेऊन जायचं,” तिनं सांगितलं. “सगळं मांडायचं. मी मागे बसेन, खांबाआड बसेन, मला काही कमीपणा नाही त्यात. पण पदक मी लावून येणार. काय व्हायचं ते तिथं होऊ दे.”

तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? जाताना माझ्याजवळ जरा थांबला आणि हळूच म्हणाला, “त्या दिवशी तुम्ही म्हणालात... की एकटी त्याच नाहीत...”

“उद्या लवकर जायचंय तुम्हाला,” मी म्हटलं. पण हसून म्हटलं. आणि त्यानं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. आजीनं ठेवणीतला गडद निळा कोट घातला होता. डाव्या बाजूला पदक, त्याची राखाडी फीत लांबूनही उठून दिसत होती. रस्ताभर ती माझा हात घट्ट धरून चालली.

सभागृहाच्या दाराशी कप्तानसाहेब उभे होते. ताठ, पांढऱ्या मिशा, छातीवर ओळीनं पदकं. प्रत्येकाचं जातीनं स्वागत करत होते. आजीला त्यांनी वाकून नमस्कार केला आणि त्यांची नजर तिच्या पदकावर गेली. आमच्यामागे लोकांची रांग लागली होती. ते अवघडले, आवाज खाली आणून घाईघाईनं बोलू लागले. आपला पूर्ण मान राखून सांगतो, नियम सगळ्यांना सारखा, तेवढं आपण खिशात ठेवावं... आजीचा वाईट कान त्यांच्या बाजूला होता. तिला काही कळेना. तिनं मान तिरकी करून दुसरा कान पुढे केला, आणि मी कधीही न ऐकलेल्या, तरुण, स्वच्छ आवाजात म्हणाली :

“सावकाश बोला. लाईन तुमचीच आहे, कुणी तोडणार नाही.”

कप्तानसाहेब बोलायचे थांबले.

मला आधी वाटलं, त्यांना राग आला. मग वाटलं, बरं वाटत नसावं. ते आजीच्या चेहऱ्याकडे बघत होते, पण चेहरा ओळखीचा वाटत नसावा, कारण लगेच त्यांनी डोळे मिटून घेतले.

“परत म्हणा,” ते म्हणाले.

आजी गोंधळली. तिनं ते परत म्हटलं.

“टेकडीवरच्या चौकीत होतो मी,” ते डोळे न उघडताच म्हणाले. “वेढ्याच्या शेवटाला. एका दुपारी मारा चालू होता, आणि एक मुलगी आम्हाला फोनवरून डिरेक्टरी वाचून दाखवत होती.”

आजीचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलीची चोरी पकडावी तसा झाला. “दुसरं काही हाताशी नव्हतं हो,” ती म्हणाली. “लाईन गप्प ठेवायची नाही असा हुकूम होता. गप्प झाली की तुम्हाला वाटायचं, शहर पडलं. मी किती बोलणार? माझं बोलणं संपलं. मग डिरेक्टरी उघडली आणि वाचत सुटले.”

मागची रांग आता पुढे सरकायची घाई करत नव्हती. चष्मेवाला आतून दाराशी येऊन उभा राहिला होता. कप्तानसाहेब सांगत होते. आम्हाला नाही, आजीलाच. चौकीतली सगळी मुलं एका रिसीव्हरभोवती कान लावून बसली होती. एकेक दुकानाचं नाव येत होतं. केक करणारा, गादीवाला, घड्याळजी. त्यांनी पाळ्या लावल्या. आपल्या पाळीला जे नाव येईल, सुटल्यावर सगळ्यात आधी त्या दुकानात जायचं. केकवाला ज्याला मिळाला त्याचा सगळ्यांना हेवा वाटला. कप्तानसाहेबांना आला छत्री दुरुस्तीवाला. सगळे इतके हसले, इतके हसले... आणि तेवढ्यात लाईन तुटली.

“पुढची पाळी माझ्या शेजारच्या मुलाची होती,” ते म्हणाले. “त्याला काही मिळालंच नाही. संध्याकाळी तो गेला. छत्रीवाल्याच्या पुढे काय होतं, ते कुणाला विचारणार?”

“छापखाना,” आजी म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले.

“नदीकडच्या रस्त्यावरचा. मी वाचला होता. पुढचं पण वाचत गेले. तिकडे कुणाला ऐकू जात नाहीये, हे मला फार उशिरा कळलं.”

“छापखाना,” कप्तानसाहेब स्वतःशीच म्हणाले. “आवडलं असतं त्याला. वाचायचा फार नाद होता.”

मग त्यांनी त्या पदकाकडे पुन्हा पाहिलं, नीट, वाकून. ते कुणी दिलं, असं विचारलं. आम्हीच आम्हाला, असं आजीनं सांगितलं. बरं केलंत, ते म्हणाले, आणि आपला हात पुढे केला. मंडळाचे कुणी सचिव हळूच नियमाबद्दल काहीतरी पुटपुटले. कप्तानसाहेबांनी वळूनही पाहिलं नाही. “नियमाचं पुढच्या बैठकीत बघू,” ते म्हणाले. “आत्ता पहिल्या रांगेत एक खुर्ची वाढवा.”

आजी त्यांच्या हाताला धरून आत गेली. माझा हात मोकळा झाला, आणि मला कळेना की आता त्याचं काय करायचं. मग कुणीतरी तो हातात घेतला. मी वळून पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती. त्या बोटांना भिंगं घासून घासून पडलेले घट्टे मी कितीतरी दिवस लांबून बघत आले होते.

मेळावा छान झाला. भाषणं लांबली, माईक मध्येच किंचाळला. पण पेट्यांसमोर लोकांची गर्दी हटेना. एका म्हाताऱ्यानं खेचराचं पदक बघून आपल्या नातीला त्या खेचराच्या खोड्या सांगितल्या. ठेंगूच्या पदकासमोर आजी बराच वेळ उभी होती. तिथून तिला कप्तानसाहेबांनी चहाला नेलं. पुढे तासभर ती दोघं कोपऱ्यात बसून त्या डिरेक्टरीतली दुकानं आठवत होती आणि कुठलं कुठं होतं यावरून भांडत होती.

लोक पांगले. खुर्च्या एकावर एक रचल्या जाऊ लागल्या. आम्ही दोघं पेट्या आवरत होतो. तो एकेक पदक डब्यात ठेवायचा, मी झाकण लावायची. बाहेर पाऊस नव्हता. उंच खिडक्यांतून उन्हाचे लांब पट्टे जमिनीवर पडले होते आणि त्यांत धूळ तरंगत होती.

“तू दमली असशील,” तो म्हणाला.

माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं. इतके दिवस आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत होतो... भांडतानासुद्धा. त्याच्याही ते लक्षात आलं.

“म्हणजे... तुम्ही...” तो चाचरला.

“नको,” मी म्हटलं. “आधीचंच बरं होतं.”

त्यानं हातातला डबा खाली ठेवला. मी त्याला इतक्या सरळ नजरेनं बघताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या वेळी तो अजिबात अडखळला नाही.

“मी आजींसाठी येत होतो, हे खरं आहे,” तो म्हणाला. “खोटं नाही सांगणार. पण त्या झोपल्या असत्या तरी आलो असतो. दुकान बंद असतं तरी येऊन दाराशी उभा राहिलो असतो. मला तू आवडतेस. तुझ्याबरोबर राहायचंय मला, कायमचं. आज लगेच उत्तर दे असं नाही...”

“का?” मी म्हटलं. “माझं तयार आहे. उगाच शिळं कशाला करायचं?”

तो बघतच राहिला. मग हसला, आणि मीही. कोपऱ्यातून आजीचा आवाज आला, की ही पोरं आवरताहेत की काय करताहेत. कप्तानसाहेब तिला म्हणाले, बाई, आपण मध्ये पडू नये.

शेवटची पेटी तेवढी उरली होती. तो ती उचलायला वाकला.

“थांब,” मी म्हटलं. “तू ती बाजू धर, मी ही धरते.”

आम्ही दोघांनी मिळून ती पेटी दारापर्यंत नेली, आणि पायऱ्या उतरून उन्हात. तशी काही जड नव्हती. त्याला एकट्यालाही सहज नेता आली असती.